कुंपणाच्या आतली ४० मिनिटं

विमान स्टँडवर येऊन थांबलं तरी खाली उभी असलेली माणसं लगेच पुढे सरकत नाहीत. इंजिनांची पाती मंदावायची असतात, विमानाच्या पाठीवरचा आणि पोटाखालचा लुकलुकणारा लाल दिवा विझायचा असतो. तोवर जमिनीवर आखलेल्या रेघेच्या आत पाऊल टाकायचं नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवलं जातं, कारण फिरतं इंजिन समोरच्या माणसाला आत ओढून घेतं. दिवा विझला की नाकाखालच्या चाकांना चोक (विमान सरकू नये म्हणून लावायची पाचरं) लागतात, पंखांच्या टोकांशी आणि इंजिनांपुढे शंकू उभे राहतात आणि एक जाड केबल ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्‌झची वीज घेऊन विमानाला जोडली जाते.

इथून घड्याळ सुरू होतं. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ एवढं विमान साधारण ४० मिनिटांत पुन्हा निघायला हवं. स्वस्त तिकिटांच्या कंपन्या २५-३० मिनिटांवर भागवतात. तेवढ्या वेळात प्रवासी उतरतात, सफाईवाले आत शिरतात, केटरिंगची गाडी आपली पेटी वर उचलून मागच्या दाराला लागते, संडासाच्या टाकीची गाडी आणि पिण्याच्या पाण्याची गाडी (या दोन्ही एकाच माणसाने हाताळायच्या नसतात) आपापलं काम उरकतात. इंधनवाला आधी विमान आणि गाडी यांच्यात तार जोडून स्थिर विजेचा बंदोबस्त करतो, नमुना काढून त्यात पाणी नाही ना ते बघतो आणि मग हातात एक स्विच धरून उभा राहतो. हात सुटला की इंधन थांबतं. तो भोवळ येऊन पडला तरी टाकी ओसंडू नये, म्हणून ही सोय.

या सगळ्यांच्या पगाराच्या पावतीवर एकाच मालकाचं नाव नसतं. बॅगा उचलणारा एका कंपनीचा, सफाईवाली दुसऱ्या, इंधनवाला तिसऱ्या, सुरक्षा तपासणीवाला चौथ्या. विमानतळ चालवणाऱ्या संस्थेची स्वतःची माणसं आवारातल्या एकूण कामगारांत थोडीच असतात. बाकीचे शेकडो लहानमोठ्या मालकांकडे विखुरलेले. म्हणून ‘विमानतळ इतक्या हजार नोकऱ्या देतो’ हे वाक्य ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो : देतो म्हणजे नेमकं कोण देतो, आणि कुंपणाला लागून राहणाऱ्या माणसापर्यंत त्यातल्या किती पोहोचतात?

एक जुना ढोबळ आडाखा आहे, युरोपातल्या विमानतळांच्या अभ्यासांतून रूढ झालेला : वर्षाला १० लाख प्रवासी, तर आवारात साधारण १,००० थेट नोकऱ्या. विमानतळ मोठा होतो, कामं यंत्रांकडे जातात, तसं हे प्रमाण घटतं. या थेट नोकऱ्यांवर मग पुरवठादारांच्या नोकऱ्या चढवतात, त्यावर कामगारांच्या खर्चातून उभ्या राहणाऱ्या, आणि सगळ्यांत वर ‘विमानतळ आहे म्हणून आलेल्या उद्योगांच्या’. पहिला थर मोजता येतो, कारण प्रत्येकाच्या गळ्यात पास असतो. शेवटचा थर म्हणजे निव्वळ अंदाज. चारही थरांची बेरीज करून मोठा आकडा छापणाऱ्या अहवालांवर माझा विश्वास नाही. थेट नोकऱ्या खऱ्या असतात, आणि त्यांच्याकडेच जवळून बघायला हवं.

सगळ्यांत जवळून बघण्यासारखी जागा म्हणजे लहान विमानाचं बॅगांचं पोट. आतली उंची साधारण सव्वा मीटर. उभं राहता येत नाही; बॅगा चढवणारा-उतरवणारा लोडर गुडघ्यांवर किंवा बसून काम करतो. १५० बॅगा आणि प्रत्येकीचं सरासरी वजन १५ किलो धरलं, तरी सव्वादोन टन. उतरवायच्या तेवढ्या आणि पुन्हा चढवायच्या तेवढ्या, म्हणजे एका फेरीत साडेचार टन, आणि पाळीत अशा चार-पाच फेऱ्या. बेल्टवरून आलेली बॅग कंबर वळवून मागे लावायची असते. हीच वळण्याची हालचाल पाठ मोडते. २३ किलोच्या वरच्या बॅगेला ‘जड’ची पट्टी लावतात आणि एका बॅगेला ३२ किलोची मर्यादा असते ती याच पाठीसाठी. काउंटरवर ओळखीने सोडलेली ३८ किलोची बॅग कुणाच्या पाठीवर जाते, ते तिथून दिसत नाही.

या कामाला ‘अकुशल’ म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती मला मनापासून खटकते. कोणत्या कप्प्यात किती वजन हे कागदावर ठरलेलं असतं, कारण विमानाचा गुरुत्वमध्य ठराविक मर्यादेतच राहावा लागतो. पुढच्या कप्प्यातला माल घाईत मागे भरला आणि कळवलं नाही, तर वैमानिकाच्या हातातली लोडशीट, म्हणजे वजनाच्या वाटपाचा कागद, खोटी ठरते आणि उड्डाणाच्या वेळी नाक अपेक्षेपेक्षा लवकर उचललं जातं. कप्प्याची जाळी एका हुकाला अडकवायची राहिली तर माल हवेत सरकतो. बॅग देऊन प्रवासी विमानात चढलाच नाही, तर ती एकच बॅग शोधून उतरवावी लागते. कोणत्या गाडीतल्या बॅगा कोणत्या कप्प्यात गेल्या हे लोडरने नीट लक्षात ठेवलं असेल तर पाच मिनिटांत, नाहीतर अख्खं पोट रिकामं करून.

त्याहून नाजूक गोष्ट बेल्टगाडीची, म्हणजे सरकत्या पट्ट्यावरून बॅगा वर-खाली करणाऱ्या गाडीची. तिच्या टोकाला रबर असतं, पण ते विमानाला टेकवायचं नसतं. थोडं अंतर ठेवून थांबायचं. माल उतरला की विमान हलकं होऊन काही सेंटिमीटर वर येतं, इंधन आणि प्रवासी भरले की खाली बसतं. जिना किंवा बेल्ट लावून विसरला, तर दाराची कड त्यावर येऊन चेपते. जुन्या ॲल्युमिनियमच्या कवचावर धक्का लागला की निदान पोचा दिसायचा. आता ७८७ आणि ए३५० या विमानांचं कवच कार्बन धाग्यांच्या थरांचं आहे. बाहेरून एक ओरखडाही नसतो आणि आतले थर सुटलेले असू शकतात. ‘गाडी लागली’ हे सांगणारा एकच माणूस असतो, ती चालवणारा. तो रोजंदारीवर असेल, सांगितलं तर उद्या काम नाही अशी त्याला धास्ती असेल, तर तो गप्प बसेल. कायम नोकरी, पोटापुरता पगार आणि कबूल केल्याबद्दल शिक्षा नाही अशी खात्री, या गोष्टी कामगार-कल्याणाच्या रकान्यात टाकून देतात. त्यांची जागा खरं तर सुरक्षिततेच्या रकान्यात आहे.

आता दाराशी येऊ. आत काम करायचं तर पास लागतो आणि पासासाठी पार्श्वभूमी तपासणी. अनेक देशांत मागच्या ५ वर्षांचा हिशेब मागतात : कुठे शिकलास, कुठे राबलास, मध्ये रिकामा होतास तर त्याचा पुरावा. मोठ्या कंपनीत नोकरी केलेल्याला हे कागद एका ईमेलवर मिळतात. कुंपणाबाहेरच्या वस्तीतल्या मुलाने मात्र कधी गॅरेजमध्ये, कधी बांधकामावर, कधी मामाच्या दुकानात हात चालवलेला असतो. पत्र देणारा कोणी नाही. त्याच्या फॉर्मवर ‘खंड’ दिसतो आणि फाइल अडकते. आठवडे जातात, तोवर पगार नाही, आणि तो दुसरं काम धरतो. मालक म्हणतो, स्थानिक मुलं टिकत नाहीत.

उपाय अवघड नाहीत, कंटाळवाणे आहेत. प्रशिक्षणाला निवडलं त्याच दिवशी तपासणीचा अर्ज भरून घ्यायचा, प्रशिक्षण संपायची वाट बघायची नाही. खंडांसाठी कोणता पुरावा चालतो याची यादी लोकांच्या भाषेत लावायची. कागद जमवायला मदत करणारा एक माणूस वस्तीत बसवायचा. तपासणीच्या काळात निदान विद्यावेतन द्यायचं. लॉस एंजेलिसच्या विमानतळाबाबत २००४ साली रहिवाशांच्या संघटनांनी करार करून घेतला, त्यात ‘पहिली विचारणा इथे’ अशी अट होती : आवारातल्या मालकांनी जागा निघाली की ती आधी आसपासच्या रहिवाशांपर्यंत पोहोचवायची, मग बाहेर जाहिरात. अशी अट टिकते ती केवळ मुख्य संस्थेवर न राहता प्रत्येक कंत्राटदाराच्या आणि उपकंत्राटदाराच्या करारात उतरली तरच.

दुसरं दार बसचं. सकाळी ६ च्या विमानाचे काउंटर ४ ला उघडतात, म्हणजे पाळी ३ किंवा साडेतीनला. गावची पहिली बस ५ ला. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला ही नोकरी मिळूनही करता येत नाही. लहान मूल असलेल्या बाईला तर पाळीचं वेळापत्रक बघूनच माघार घ्यावी लागते. कामगारांचं वाहनतळ दूर, तिथून शटल, मग सुरक्षा तपासणी. घरातून निघाल्यापासून कामाच्या जागी पोहोचेपर्यंतचा हा वेळ कुणी मोजत नाही, आणि तो न मोजल्याने काय होतं ते लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या पाचव्या टर्मिनलने २७ मार्च २००८ रोजी दाखवलं. ४.३ अब्ज पौंड खर्चून इमारत उभी राहिली होती. उद्घाटनाच्या पहाटे कामगारांना वाहनतळ सापडेना, आत शिरताना तपासणीपाशी रांगा लागल्या, बॅगा हाताळणाऱ्यांना नवी यंत्रणा पुरेशी ओळखीची झालेली नव्हती, संगणक प्रणालीतही गोंधळ. बॅगा साचत गेल्या आणि उड्डाणं रद्द झाली. तिथे माणसांना पुरेसा सराव मिळाला नव्हता, आणि सराव हा बांधकामाच्या वेळापत्रकात सगळ्यांत शेवटी येत असल्याने उशीर झाला की कात्री नेहमी त्यालाच लागते.

२०२२ च्या उन्हाळ्यात हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. कोविडच्या साथीत लाखो अनुभवी हात घरी पाठवले होते. प्रवासी परतले तेव्हा ती माणसं परतली नाहीत आणि नव्यांच्या पासांना आठवडे लागत होते. हीथ्रोला दिवसाला १ लाख निघणाऱ्या प्रवाशांची मर्यादा घालावी लागली. ॲम्स्टरडॅमच्या स्किपोलने सुरक्षा, सफाई आणि बॅगांच्या कामगारांना त्या उन्हाळ्यापुरते तासाला ५.२५ युरो जादा देण्याचं कबूल केलं. ती रक्कम बघा आणि ती कुणाला द्यावी लागली ते बघा.

कौशल्याची शिडी मात्र विमानतळाइतकी स्पष्ट फार थोड्या ठिकाणी असते. लोडर, मग आवारातल्या गाड्यांचा परवाना (बेल्ट, ट्रॅक्टर, माल उंच उचलणारा हाय-लोडर, विमान मागे ढकलणारी पुशबॅक गाडी, प्रत्येकाचा वेगळा), मग टोळीचा मुकादम, मग विमानाच्या ४० मिनिटांचा समन्वयक किंवा वजनाचा तोल बसवणारा लोड कंट्रोलर. धोकादायक मालाचं प्रशिक्षण प्रत्येकाला कामानुसार, आणि दर २४ महिन्यांनी पुन्हा. शिडी आहे; पण वरची पायरी वेगळ्या कंपनीकडे असली की ती तुटते, कारण तिथे नवा अर्ज आणि कधी कधी नवी तपासणी. आवारातल्या सगळ्या मालकांनी एकमेकांची प्रशिक्षणं मान्य करायची, एवढं ठरलं तरी पुष्कळ माणसं वर सरकतील.

विमान दुरुस्तीची शिडी लांब आहे आणि तिचं फळही मोठं. युरोपीय नियमांत यंत्र-बाजूचा बी-१ आणि विद्युत-इलेक्ट्रॉनिक बाजूचा बी-२ असे परवाने आहेत. मान्यताप्राप्त मूलभूत अभ्यासक्रम २,४०० तासांचा, उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के, आणि त्यावर चालू विमानांवरचा २ वर्षांचा अनुभव, प्रत्येक कामाची नोंद आणि सही असलेल्या वहीसह. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाशिवाय आलात तर अनुभवाची वर्षं वाढतात. मुलं अडकतात ती या दोन वर्षांपाशी. वर्ग भरवणं सोपं असतं, हँगरमध्ये, म्हणजे विमान दुरुस्तीच्या शेडमध्ये, जागा मिळवणं कठीण. सही करणारा अभियंता एकाच वेळी मोजक्याच शिकाऊंवर लक्ष ठेवू शकतो. त्यामुळे जवळ हँगर नसताना ‘विमान अभियांत्रिकी’चे वर्ग काढणाऱ्या संस्था मुलांची फी घेतात आणि त्यांना अर्ध्या शिडीवर सोडून देतात. प्रवेश घेण्याआधी आईवडिलांनी एकच विचारावं : अनुभवाची वही कोणत्या हँगरमध्ये भरली जाईल, आणि तसा लेखी करार आहे का?

हँगरमधली शिस्त बघितली की कळतं, एवढी वर्षं का लागतात. भिंतीवर फळा असतो, त्यावर प्रत्येक अवजाराच्या आकाराची सावली रंगवलेली. पाळी संपली आणि एका पान्याची सावली उघडी राहिली, तर विमान सोडत नाहीत. तो सापडेपर्यंत शोध चालतो. २५ जुलै २००० रोजी पॅरिसहून निघालेल्या कॉनकॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाच्या चाकाखाली आधीच्या एका विमानातून पडलेली टायटॅनियमची पट्टी आली. लांबी जेमतेम ४३ सेंटिमीटर. टायर फुटला, त्याचा तुकडा इंधनटाकीखाली आदळला, आग लागली आणि विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४ जण गेले. ती पट्टी निर्मात्याने सांगितलेल्या पद्धतीने बनवलेलीही नव्हती आणि बसवलेलीही नव्हती, असं चौकशीत निघालं.

दुकानांबद्दल थोडक्यात. किमान हमी भाडं आणि विक्रीतला टक्का, यांतलं जे जास्त ते द्यायचं, अशी रीत असते. प्रवासी घटले तरी हमी भाडं घटत नाही. पहिल्या विमानाच्या आधी उघडून शेवटच्यानंतर बंद करायचं म्हणजे दोन ते तीन पाळ्यांची माणसं, प्रत्येकाला पास, आणि माल तपासणीतून जाणार म्हणून वेळ आधी ठरवून घ्यायची. लहान दुकानदाराने आत शिरायची घाई करू नये, असंच मी म्हणेन. हमी भाड्याला प्रवासीसंख्येची जोड असेल तरच विचार करावा.

लहान उद्योगांची खरी जागा प्रवाशाच्या नजरेपलीकडे आहे. केटरिंगच्या ट्रॉलीची चाकं आणि ब्रेक सतत बिघडतात. ब्रेक न लागणारी भरलेली ट्रॉली हवेत माणसाला जखमी करते, म्हणून त्या दुरुस्तीला कायम मागणी. आसनांच्या खोळी धुणं साधं वाटतं, पण त्या आगीला दाद न देणाऱ्या कापडाच्या असतात. चुकीचा साबण किंवा तापमान वापरलं तर तो गुण जातो, म्हणून धुलाईची पद्धत निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे आणि नोंदींसह हवी. मालवाहतुकीसाठी लाकडी खोकी लागतात. परदेशी जाणाऱ्या लाकडाला, त्यातली कीड मरावी म्हणून, आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाने गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं द्यावं लागतं आणि तसा शिक्का मारावा लागतो. शिक्का नसला तर माल पलीकडच्या बंदरावर अडतो. ज्या सुताराने भट्टी, तापमानाची नोंद आणि शिक्क्याचा परवाना जमवला, त्याला वर्षभर काम आहे. जगाच्या व्यापारात विमानाने जाणारा माल वजनाने १ टक्क्याहूनही कमी आणि किमतीने साधारण ३५ टक्के मानला जातो. एवढ्या मोलाचा माल नीट बांधून देणारा माणूस निर्यातदाराला जवळच लागतो.

हे उद्योग बुडतात ते कौशल्याअभावी क्वचितच. निविदा एवढी मोठी असते की अनामत भरता येत नाही. मिळालंच काम तर बिल ९० दिवसांनी निघतं आणि तोवर मजुरी दर आठवड्याला द्यायची असते. आवारात एक टेम्पो न्यायचा तर त्याला विम्याचं प्रचंड संरक्षण मागतात. अमेरिकेतल्या अटलांटात १९७४ साली महापौर झालेले मेनार्ड जॅक्सन यांनी विमानतळाच्या नव्या टर्मिनलच्या कामात २५ टक्के वाटा कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य उद्योगांचा हवा, असा हट्ट धरला. त्याआधी शहराच्या कंत्राटांत त्यांचा वाटा १ टक्काही नव्हता. मोठ्या कंपन्यांनी लहानांना भागीदार करून निविदा भरायची, अशी वाट काढली. विरोध खूप झाला, काम रेंगाळेल म्हणाले. सप्टेंबर १९८० मध्ये टर्मिनल उघडलं, वेळेत. भागीदारीच्या या पद्धतीत लहान उद्योजकाला अनामत, विमा आणि हिशेबाची रीत मोठ्याच्या सावलीत शिकता येते, आणि पुढच्या निविदेला तो स्वतःच्या नावाने उभा राहू शकतो. नुसत्या राखीव टक्क्यापेक्षा मला यातली ही शिकवणूक जास्त मोलाची वाटते.

सगळ्यांत दूरचं बघितलं ते आयर्लंडमधल्या शॅननने. अटलांटिक ओलांडणारी पंख्यांची विमानं तिथे इंधनाला थांबत, आणि सगळा रोजगार त्या थांबण्यावर होता. ब्रेंडन ओरीगन यांनी १९४७ मध्ये तिथे विमानतळावरचं जगातलं पहिलं करमुक्त दुकान काढलं. १९५१ मध्ये हॉटेल व्यवस्थापनाचं महाविद्यालय सुरू केलं. मग जेट विमानं आली, त्यांना मध्ये थांबायची गरज राहणार नव्हती. गिऱ्हाईक डोक्यावरून उडून जाणार हे दिसत असताना १९५९ मध्ये धावपट्टीला लागून करमुक्त औद्योगिक क्षेत्र उभं केलं. कारखाने आले, विमानांची दुरुस्ती आली, आणि १९७५ मध्ये त्याच गावात जीपीए ही विमानं भाड्याने देणारी कंपनी निघाली. ती पुढे मोडली, पण तिथे तयार झालेली माणसं आयर्लंडभर पसरली. आज जगात भाड्याने फिरणाऱ्या विमानांतला मोठा हिस्सा त्या देशातून सांभाळला जातो, आणि त्यातलं बहुतेक एकही विमान इंधनासाठी शॅननला उतरत नाही.